उघडून बांधलेले इंजिन सुरू का होत नाही?



विहिरीवरचे जुने इंजिन दम टाकू लागले, की ते तालुक्याच्या गावी नेऊन उघडावे लागते. नवा लायनर, नवा दट्ट्या, नव्या रिंगा, घासून बसवलेल्या झडपा, क्रँकची बेअरिंगे असा सगळा सरंजाम त्यात पडतो. पदरचे पैसे जातात, कधी उसनेही घ्यावे लागतात. मग इंजिन परत विहिरीवर येते, पायाच्या बोल्टांवर बसते, आणि हँडल मारून मारून खांदे भरून आले तरी सुरू होत नाही. किंवा सुरू होते, पाच मिनिटे चालते आणि गप्प बसते. इकडे गहू फुलोऱ्यावर आलेला असतो. त्या वेळचे पाणी चुकले तर दाणा बारीक राहतो, आणि पुढे दुप्पट पाणी दिले तरी तो भरून निघत नाही.

अशा वेळी बांधावर चार माणसे जमतात. एक म्हणतो, नोझल खराब आहे. दुसरा म्हणतो, टॅपेट सैल करा. तिसरा पंपाचा नट पिळतो. संध्याकाळपर्यंत पाच गोष्टी बदललेल्या असतात, मूळचा दोष तसाच असतो, आणि त्यात दोन नवे दोष मिळालेले असतात. आता मिस्त्री आला तरी त्याला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

मी शिकवतो तो विषय तर्कशास्त्र, यंत्रशास्त्र नव्हे. पण आपल्या जुन्या शास्त्रकारांनी 'परिशेष' नावाची जी युक्ती सांगितली आहे, ती इंजिनाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. जेवढी कारणे संभवतात तेवढी मांडायची, एकेक तपासून बाजूला काढायचे, आणि जे उरेल ते खरे मानायचे. चांगला मिस्त्री नेमके हेच करतो. फक्त तो त्याला नाव देत नाही.

उदाहरणासाठी पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन घेऊ. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याला खडकीत निघाली, आणि तिचे 'एव्ही-१' हे इंजिन गावोगावच्या विहिरींवर पोहोचले. त्याचा सिलिंडर ८० मिलिमीटर रुंद, दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर, आणि वेग मिनिटाला १५०० फेऱ्यांचा. त्याहून जुन्या धाटणीची, मिनिटाला सुमारे साडेसहाशे फेरे घेणारी, जड चाकांची इंजिनेही पुष्कळ आहेत. त्यांची बांधणी इंग्लंडातील डर्स्ली गावच्या लिस्टर इंजिनाच्या वळणाची आहे. मापे वेगळी असली तरी दोघांचा स्वभाव एकच.

तो स्वभाव आधी समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, त्यातली मुख्य कल्पना एवढीच, की हवा जोराने दाबली की ती तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक हाताला ऊन लागते, तीच ही गोष्ट. आपल्या इंजिनात हवा सुमारे साडेसोळाव्या हिश्शात चेपली जाते आणि तिची उष्णता पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास चढते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सुटला की तो आपोआप पेट घेतो. म्हणजे इंजिन चालायला चार गोष्टी लागतात. ते मोकळे फिरले पाहिजे, हवेचा दाब धरला पाहिजे, डिझेलचा फवारा आला पाहिजे, आणि तो वेळेवर आला पाहिजे. फेरा, दाब, डिझेल, वेळ: हे चार शब्द याच क्रमाने ध्यानात ठेवा. पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचे नाही.

पण त्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. दुरुस्तीत काय काय बदलले? इंजिन गावी नेण्यापूर्वी धूर टाकत का होईना, पण चालत होते. परत आल्यावर चालत नाही. तेव्हा दोष बहुधा ज्या जागी हात लागला त्या जागीच असणार. म्हणून मिस्त्रीकडून बदललेल्या भागांची यादी मागून घ्या. जुने भागही मागून घ्या. जुन्या पॅकिंगची जाडी नव्याशी ताडून पाहता येते.

आता पहिला प्रश्न: फेरा. डिझेलची चावी बंद करा. दाब सोडण्याचा खटका वर उचला आणि चाक हाताने सावकाश पुरते दोन वेळा फिरवा. नव्या रिंगांमुळे ते थोडे जड जाईल, पण सगळीकडे सारखे जड गेले पाहिजे. एकाच जागी अडत असेल, तर बेअरिंगच्या टोप्या उलटसुलट बसल्या असतील, नाहीतर रिंगांच्या तोंडांत पुरेशी फट ठेवलेली नसेल. तापल्यावर रिंग फुगते. तोंडे एकमेकांना भिडली की ती लायनरला चावते. दट्ट्या वर टोकाला आल्यावर 'टक' असा आवाज येत असेल, तर तिथेच थांबा. दट्ट्या वर आला तरी त्याच्या आणि हेडच्या मध्ये थोडी फट राहावी लागते. पॅकिंग वेगळ्या जाडीचे पडले की ती बदलते. फट कमी झाली तर दट्ट्या हेडवर किंवा झडपेवर आपटतो. वाढली तर हवा पुरेशी चेपत नाही, आणि थंडीतल्या सकाळी इंजिन उठत नाही. ही फट मापण्याची रीत सोपी आहे. दट्ट्याच्या माथ्यावर शिशाच्या मऊ तारेचे तुकडे ठेवून हेड कसायचे, चाक हाताने एक फेरा फिरवायचे, आणि हेड काढून चेपलेल्या तारेची जाडी पाहायची. ती इंजिनाच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळली पाहिजे.

दुसरा प्रश्न: दाब. डिझेलची चावी अजून बंदच ठेवा. खटका खाली करून चाक हळूहळू दाबाच्या दिशेला रेटा. चांगल्या इंजिनात चाक एका जागी हाताला उशीसारखे लागते आणि सोडले तर मागे उसळते. ती उसळी नसेल, तर हवा कुठून तरी निसटते आहे. एकाने चाक रेटावे आणि दुसऱ्याने कान लावावा. हवेच्या गाळणीच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली, तर आत घेणारी झडप बसत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी आली, तर धूर सोडणारी झडप बसत नाही. वंगण ओतण्याच्या भोकाशी आली, तर ती रिंगांजवळून खाली जाते आहे. पाणी बाहेर पडण्याच्या नळीत बुडबुडे आले, तर हेडचे पॅकिंग फुटले आहे. नोझलच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडा. फेस आला तर तिथली तांब्याची चकती नीट बसलेली नाही.

झडप बसत नसेल तर हेड उतरवण्याची घाई नको. आधी टॅपेटची फट पाहा. झडपा घासून बसवल्या की त्या हेडमध्ये थोड्या वर सरकतात आणि फट आपोआप कमी होते. फट नाहीशी झाली म्हणजे झडप कायमची किंचित उघडी राहते, आणि हजारो रुपयांचे काम एका पान्याच्या पाव फेऱ्याने वाया जाते. रिंगांचा संशय असेल तर सिलिंडरमध्ये चमचाभर वंगण सोडा, एका चमच्याहून जास्त मुळीच नको. खटका उचलून चाक दोन-चार फेरे फिरवा आणि मग पुन्हा दाब पाहा. दाब वाढला तर दोष रिंगांचा, कारण वंगणाने ती फट तात्पुरती बुजवली. नाही वाढला तर झडपांचा किंवा पॅकिंगचा. वंगण घातले तर दाब येतो, नसले तर येत नाही, यालाच आमच्या शास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात.

तिसरा प्रश्न: डिझेल. दुरुस्तीत सगळ्या नळ्या सुटलेल्या असतात, त्यामुळे त्यांत हवा शिरते. आपण म्हणतो, 'इंजिनाने एअर धरली.' हवा स्पंजासारखी चेपते, डिझेल चेपत नाही. नळीत हवा असली की पंप तिलाच दाबत आणि सोडत बसतो, नोझलपर्यंत जोर पोहोचतच नाही. म्हणून टाकीकडून नोझलकडे अशा क्रमाने हवा काढा. आधी गाळणीवरचा स्क्रू सैल करा. बुडबुडे संपून डिझेलची अखंड धार आली की कसा. मग पंपावरचा. शेवटी नोझलकडच्या नळीचा नट सैल करून, खटका उचलून, चाक फिरवा. डिझेल आले की नट कसा. आता चाक फिरवताना नोझल प्रत्येक दोन फेऱ्यांतून एकदा 'कुर्र' असा स्पष्ट आवाज करते. हा आवाज आला की फवारा आत पडतो आहे असे समजा.

आवाज येत नसेल, तर नोझल बाहेर काढून, नळीला तसेच जोडून, चाक फिरवून पाहतात. फवारा धुक्यासारखा उडाला पाहिजे. थेंब गळता कामा नये. पण ही परीक्षा घेताना एक गोष्ट प्राणपणाने सांभाळा. फवाऱ्यासमोर हात, बोट किंवा तोंड कधीही नेऊ नका. या इंजिनाचे नोझल सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाला उघडते. म्हणजे नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटल भार! तो फवारा कातडीत सुईसारखा शिरतो. बाहेरून टिकलीएवढी खूण दिसते आणि आत मांस नासत जाते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका. दुखत नसले तरी त्याच घटकेला मोठे इस्पितळ गाठा आणि डिझेल आत शिरले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट, कधी हातही गमवावा लागतो.

चौथा प्रश्न: वेळ. दट्ट्या खाली येताना हवा ओढतो, वर जाताना ती दाबतो, जळत्या वायूच्या जोराने खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर जाताना धूर बाहेर टाकतो. एवढ्यात चाकाचे दोन फेरे होतात आणि झडपा हलवणाऱ्या कॅमचा एक. त्यासाठी दोन दाती चाके एकमेकांत गुंतवलेली असतात आणि त्यांच्यावर खुणा असतात. बांधताना एक दात चुकला तरी सगळा ताल बिघडतो. हे न उघडताही तपासता येते. दट्ट्या वर टोकाला दोनदा येतो. एका वेळी दोन्ही झडपा घट्ट मिटलेल्या असतात. दुसऱ्या वेळी धुराची झडप मिटत आलेली आणि हवेची नुकती उघडू लागलेली, अशा दोन्ही किंचित उघड्या सापडतात. त्या जागी चाक थोडे मागेपुढे केले की एक टॅपेट खाली जाते, दुसरे वर येते. हा झोका दट्ट्या अगदी टोकाला असतानाच दिसला तर दात बरोबर आहेत. बाजूला सरकलेला दिसला तर खुणा चुकल्या आहेत.

फवाऱ्याची वेळ वेगळी. 'एव्ही-१'सारख्या इंजिनात दट्ट्या टोकाला पोहोचण्याच्या सुमारे २३ अंश आधी फवारा सुटतो, म्हणजे चाकाच्या परिघाचा साधारण सोळावा भाग आधी. ही वेळ पंपाच्या बुडाखालच्या पातळ पत्र्यांनी जुळवलेली असते. पंप काढताना त्यातला एखादा पत्रा बाकावरच राहिला, तर फवारा लवकर येतो. जास्तीचा पडला तर उशिरा. लवकर आला तर इंजिन ठोके देते आणि हँडल मारताना उलटे फिरते. उशिरा आला तर पांढरा धूर येतो आणि ताकद पडते. म्हणून पंप काढाल तेव्हा पत्रे मोजा आणि दोऱ्यात ओवून ठेवा.

इंजिन सुरू झाल्यावर धुराकडे पाहा. पर्वतावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान करायला न्यायशास्त्र शिकवते. डिझेल इंजिनाचा धूर तर आपल्या रंगावरून आगीचे गुणदोषही सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, नाहीतर ओझे जास्त. निळा धूर म्हणजे वंगण जळते आहे. रिंगा नव्या असताना तो थोडा वेळ येतो. पण येतच राहिला तर रिंगा उलट्या बसल्या आहेत की काय ते पाहावे. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच वाफ होऊन जाते आहे: इंजिन गार आहे, दाब कमी आहे किंवा फवारा उशिरा आहे. तापल्यानंतरही पांढरा धूर राहिला आणि टाकीतले पाणी घटू लागले, तर हेडमधून पाणी आत शिरते आहे.

काही मिनिटे चालून बंद पडणाऱ्या इंजिनाचे कारण कधी कधी हसू येण्याइतके लहान असते. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते रंगाने किंवा मळाने बुजले, की डिझेल उतरते तशी टाकीत पोकळी होते आणि धार थांबते. झाकण सैल करून चालवून पाहा. नाहीतर गाळणीत पाणी साचलेले असते. पण इंजिन बंद पडताना जड होत होत थांबले आणि नंतर चाक हाताने फिरेना, तर पुन्हा सुरू करण्याचा हट्ट धरू नका. वंगण पोहोचत नाही किंवा दट्ट्या धरला आहे.

ताकद कमी वाटली तर पट्टा उतरवून इंजिन मोकळे चालवा. मोकळे नीट चालत असेल, तर दोष पंपाचा, फुटव्हॉल्व्हचा किंवा चुकीच्या मापाच्या पुलीचाही असू शकतो. इंजिनाच्या नावाने उगाच खडे फोडू नयेत.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी करा. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची दांडी बोटाने हलवून पाहा. ती मोकळी जाऊन आपोआप परत आली पाहिजे. ती अडकलेली असली तर इंजिन बेफाम पळते आणि जड चाक फुटून माणसे दगावतात. त्यासाठी हवेच्या तोंडाशी एक लाकडी फळी तयार ठेवा. इंजिन पळू लागले तर डिझेल बंद करा आणि फळीने हवेचे तोंड झाका. हाताने किंवा फडक्याने झाकू नका. आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे इंजिन उलटले तरी हँडल हातातून सुटते, मनगट मोडत नाही. धोतराचा सोगा, पदर, उपरणे आवळून घ्या.

सुरू झालेल्या नव्या बांधणीला लगेच पूर्ण ओझे नको, आणि दिवसभर रिकामे चालवणेही नको. रिंगा लायनरवर बसायला थोडे ओझे लागते. आधी काही मिनिटे मोकळे चालवून वंगण आणि पाणी पाहा, मग ओझे हळूहळू वाढवा. काही तास चालून गार झाले की हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा कसा, आणि नट कसले की टॅपेटची फट पुन्हा जुळवा. पहिले वंगण लवकर बदला, कारण नव्या भागांची घासलेली धातूची धूळ त्यात उतरलेली असते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबाच्या जोरावर, आणि हवेचा दाब पाण्याला सुमारे दहा मीटरपर्यंतच उचलू शकतो. व्यवहारात सहा-सात मीटर. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप ओढेनासा होतो, मग काही जण इंजिनच विहिरीत खाली उतरवतात. हे मृत्यूला आमंत्रण आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीसारख्या कोंडलेल्या जागी तो साठतो आणि प्राणवायूही घटतो. खाली गेलेला माणूस न ओरडता पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. मग मुलगा उतरतो. एका घरातले दोघे-तिघे असे जातात. कंदील सोडून पाहिला आणि तो जळत राहिला, म्हणून विहीर निर्धोक ठरत नाही. कंदील फक्त प्राणवायूची खबर देतो, या विषाची देत नाही. तेव्हा इंजिन वरच ठेवा आणि पाणी खोल गेले असेल तर खाली सोडण्याजोगा पंप घ्या. आणि कोणी पडलाच, तर त्याच्यामागे कोणीही उतरू नये. वरून दोर टाका, अग्निशमन दलाला बोलवा, इंजिन बंद करा.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. हवेचा दाब, उष्णता, पाण्याचा उपसा हे पाठ पुस्तकातून शिकवताना एक दिवस मुलांना विहिरीवर न्या. इंजिन बंद असू द्या. सायकलचा पंप हातात द्या, चाक रेटून उशी कशी लागते ते दाखवा, आणि परत येताना प्रत्येकाला चार प्रश्न क्रमाने लिहायला सांगा. त्यांतल्या पुष्कळ मुलांना हेच इंजिन उद्या सांभाळायचे आहे.

आणि शेतकरी बंधूंनी इंजिनाच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगून ठेवावी. कोणत्या तारखेला काय बदलले, पंपाखाली पत्रे किती, टॅपेटची फट किती, वंगण केव्हा घातले, एवढेच त्यात लिहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, चालवून पाहावे, फरक पडला नाही तर ती पूर्ववत करावी, आणि मगच पुढच्या गोष्टीला हात लावावा. असे केले तर दोष आपल्या हाती सापडेल. नाही सापडला, तरी येणाऱ्या मिस्त्रीचे निम्मे काम त्या वहीने आधीच केलेले असेल.